उत्साह आटलाय. छोट्या सवयींनी खरंच परत येतो का?

गोदाकाठ | १० नोव्हेंबर, रात्री १०:०५

मंडळी, गेले कित्येक महिने माझं एक विचित्र झालंय. काही करावंसंच वाटत नाही. रडू येत नाही, झोप लागते, जेवण जातं, बँकेतली कामं वेळेवर होतात. पण संध्याकाळी घरी आले की पर्स खुंटीला आणि मी सोफ्यावर. हातात फोन. मान वर करते तेव्हा साडेदहा वाजलेले असतात. लेक हॉस्टेलला, नवरा फिरतीच्या नोकरीत, त्यामुळे टोकणारंही कुणी नाही.

हीच मी गच्चीत वांगी-टोमॅटो काढायचे, पेटीवर रोज बसायचे, भिशीच्या बायकांना घेऊन सोमेश्वरला पायी जायचे. आता निम्म्या कुंड्यांत नुसती माती आहे आणि पेटीवरचं कापड गणपतीपासून निघालेलं नाही. विचारलं की एकच उत्तर, 'उद्या बघू'.

ऑफिसातली मैत्रीण म्हणते, मोठं काही ठरवू नकोस, एखादी छोटीशी सवय लाव, बाकीचं आपोआप येतं. येतं का हो? ज्यांचं आलंय त्यांनी कसं आलं ते सांगा, ज्यांचं नाही आलं त्यांनी तेही सांगा.

दोनच अटी. पहाटे पाचला उठा असं सांगायचं नाही. आणि कुठल्याही बाबा, गुरू, कोच यांचा व्हिडिओ चिकटवायचा नाही.

लांबकान | १० नोव्हेंबर, रात्री १०:११

पहिला प्रतिसाद माझा. आजची छोटी सवय झाली. आता उद्या.

हिरवी मिरची | १० नोव्हेंबर, रात्री १०:३०

उठल्या उठल्या अंथरुणाची घडी घाला. खरंच सांगते. दिवसातलं पहिलं काम पूर्ण झालं की पुढचं करायला बळ येतं. दुसरं म्हणजे रात्री सिंक रिकामं करून झोपायचं. सकाळी ओटा चकचकीत दिसला की चहा करतानाच बरं वाटतं. फक्त २१ दिवस नेटाने करा, अंगवळणी पडतं.

तिरकस | १० नोव्हेंबर, रात्री १०:४८

आला का २१ चा आकडा! २१ दुर्वा, २१ मोदक आणि २१ दिवसांची सवय. गणपती तरी प्रसन्न होतो.

गोदाकाठताई, माझं मत विचाराल तर हे सगळं सवयींचं दुकान आहे. डायरी विकायची, ॲप विकायचं, कोर्स विकायचा. माणसाला मनापासून आवडणारं काम नसेल तर अंथरुणाच्या शंभर घड्या घातल्या तरी तो ताठ घडीच्या शेजारी बसून फोनच बघणार. आधी मूळ शोधा. नोकरी कंटाळवाणी झालीय का? घर रिकामं वाटतंय का? तिथे उपाय हवा.

आकडेमोड | १० नोव्हेंबर, रात्री ११:२०

तिरकस, दुकानाबद्दल सहमत, पण आकड्याचा उगम मजेशीर आहे म्हणून लिहितो. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता. त्याने पाहिलं की नाकाची शस्त्रक्रिया झाली की माणसाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी तीनेक आठवडे लागतात. १९६० साली त्याने हे पुस्तकात लिहिलं. पुढे लोकांनी 'कमीत कमी' गाळलं, नाक गाळलं आणि फक्त २१ ठेवले.

प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. शोधनिबंध २०१० चा. ९६ जणांनी आपापली एक सवय निवडली. कुणी जेवणाबरोबर फळ, कुणी एक पेला पाणी, कुणी चालणं किंवा उठाबशा. बारा आठवडे रोज नोंदी केल्या. विचार न करता आपसूक होण्याइतकी सवय मुरायला सरासरी ६६ दिवस. पण माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. (अभ्यासच ८४ दिवसांचा, मग २५४ कुठून आले असं तिरकस विचारणार हे माहीत आहे. आलेख पुढे वाढवून काढलाय तो आकडा.) पाणी लवकर मुरलं, व्यायामाला वेळ लागला. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की, मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही.

तिरकस | १० नोव्हेंबर, रात्री ११:२६

विचारणारच होतो. वाचलात.

शेजारीण | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

हिरवी मिरची, राग मानू नकोस, पण सिंक रिकामं करणं आणि अंथरुणाची घडी या 'सवयी' मी लग्न झाल्यापासून करतेय. ओटा, डबे, दूध तापवणं, वाळत घातलेले कपडे काढणं. छोट्या सवयींवर प्रेरणा मिळत असती तर आतापर्यंत मी एव्हरेस्टवर असते! हे सल्ले बहुधा अशा माणसांनी काढलेत ज्यांची घडी आजवर दुसरं कुणीतरी घालत होतं.

बाईला सवय सांगायची असेल तर अशी सांगा की जिचा घराला काडीचा उपयोग नाही. मी दुपारी कामवाल्या मावशी गेल्या की वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवते. सासूबाईंना ते वेळ घालवणं वाटतं. आहेच! तो माझा वेळ, मी घालवणार. पण खरं सांगू का, चार वाजता पुन्हा उठून कामाला लागायला जो दम लागतो तो त्या कोड्यातून येतो, सिंकमधून नाही.

हिरवी मिरची | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

राग कसला, पटलं. माझ्याकडे भांडी नवरा घासतो म्हणून सिंक मला रम्य वाटतं बहुतेक.

लांबकान | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

नवऱ्याचा आयडी द्या, त्याची प्रेरणा कुठून येते ते विचारू.

अण्णा सांगलीकर | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

नमस्कार. मी एरवी फक्त वाचतो, आज लिहितोय. टायपिंगला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

एसटीच्या आगारात यांत्रिक विभागात आयुष्य गेलं. ब्रेक, क्लच, स्प्रिंगपाटे यात हात काळे. निवृत्त झालो तेव्हा सगळे म्हणाले, अण्णा आता आराम. पहिले दोन-चार महिने बरं वाटलं. मग असं झालं की सकाळी जाग तर ठरल्या वेळी यायची, पण उठून करायचं काय? ओसरीवर पेपर घेऊन बसायचं. छोट्या जाहिरातीसुद्धा वाचून व्हायच्या. दाढी दोन दिवसांनी, मग चार दिवसांनी. सौ. काही बोलायची नाही, पण बघायची.

एके दिवशी ती म्हणाली, न्हाणीतला नळ ठिबकतोय, तेवढं बघा. मी दोन दिवस 'बघतो' म्हणत टाळलं. ज्याने अख्खी इंजिनं उतरवली त्याला नळाचा कंटाळा. शेवटी तिने माझी हत्यारांची पिशवी आणून पेपरवर ठेवली. म्हटलं चला. मेन कॉक बंद केला, पान्ह्याने नळाचं डोकं सैल केलं, स्पिंडल वर काढला. खाली वायसर बघितला तर दगडासारखा कडक होऊन मधोमध चिरलेला. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून नवा आणला, बसवला, पाणी सोडलं. ठिबक बंद. पाच मिनिटं मी तिथेच स्टुलावर बसून नळाकडे बघत होतो. वेड्यासारखं, पण बरं वाटलं.

तेव्हापासून एक नियम केला. नाष्टा झाला की पिशवी उघडायची. बस, एवढाच नियम. काम असलंच पाहिजे असं नाही. नसलं तर पक्कड, पेचकस पुसायचे, जुन्या पान्ह्याला तेलाचं बोट लावायचं आणि बंद करायची. पण गंमत अशी की पिशवी उघडली की काहीतरी दिसतंच. दाराची बिजागरी करकरते, कुकरच्या दांड्याचा स्क्रू ढिला झालाय, मिक्सरची वायर तुटायला आलीय. घरातलं संपलं तेव्हा शेजारच्यांचं सुरू झालं. आता गल्लीतली पोरं सायकली घेऊन येतात. दाढी रोज होते.

गोदाकाठताई, तुम्हाला पेटी वाजवा असं मी म्हणणार नाही. कापड काढून भाता एकदा हलवून बघा. वाजवू नका हवं तर.

गोदाकाठ | ११ नोव्हेंबर, दुपारी १:३०

अण्णा, डबा खाता खाता वाचलं आणि घास तसाच राहिला. भाता नक्की हलवून बघते. (पेटीत झुरळं नसली म्हणजे मिळवली.)

शेजारीण, तुमचं कोडं सही आहे. तिरकस, मूळ शोधा म्हणता, पण शोधायलाही उठावं लागतं ना! तिथेच तर अडलंय.

स्टेथो | ११ नोव्हेंबर, रात्री ९:१०

डॉक्टर म्हणून थोडं रुक्ष लिहितो. 'काही करावंसं वाटत नाही' हे वाक्य घेऊन चाळिशीपुढच्या बायका येतात तेव्हा मी आधी रक्त तपासायला सांगतो. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर. थायरॉइड मंदावला असेल किंवा रक्त कमी असेल तर जगातली कुठलीही सवय पुरी पडत नाही, आणि बाई स्वतःला आळशी म्हणत राहते. शुद्ध शाकाहारी असाल तर बी-१२ कडे जरूर लक्ष द्या. पाळी जायच्या आगेमागेही असा काळ येतो.

दुसरं, नैराश्यात दरवेळी रडूच येतं असं नाही. आवडीच्या गोष्टींतला रस जाणं हे त्याचं मुख्य लक्षण असू शकतं. दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज तसं असेल, झोप-भूक बदलली असेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल तर सवयींचे प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस ही मोफत फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

आणि आता अण्णांच्या पिशवीबद्दल. अण्णा, तुमच्या सौभाग्यवतींनी जे केलं त्याला मानसोपचारात 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन' म्हणतात. पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात मांडणी केली. आपण समजतो की आधी मन लागेल, मग काम करू. नैराश्यात हे चक्र उलटं फिरतं. माणूस काम सोडतो, त्यामुळे बरं वाटण्याच्या जागा कमी होतात, त्यामुळे आणखी काम सोडतो. म्हणून उपचारात मनाची वाट न बघता कृती आधी, तीही अगदी बारीक, ठरवून, वेळ लिहून.

तिरकस | ११ नोव्हेंबर, रात्री ९:३२

डॉक्टर, हे ऐकायला छान वाटतं, पण हे परदेशी दवाखान्यांतलं. आपल्याकडे कुणाला परवडतंय तासाला दोन-दोन हजार देऊन 'बारीक कृती' ठरवून घेणं?

मांडवीकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री १०:५५

तिरकसबाब, थांबा. हे आमच्या गोव्यातच झालंय आणि तेही सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत. संगाथ ही संस्था आणि डॉ. विक्रम पटेल यांचा गट. दहा आरोग्य केंद्रं, बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, मानसिक आरोग्याचं शिक्षण नसलेली साधी माणसं होती, त्यांना प्रशिक्षण दिलं होतं. सहा ते आठ भेटी, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. गाभा हाच, डॉक्टर म्हणतात तो. सुटलेल्या गोष्टी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करायच्या.

२०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांतले ३९ टक्के. परवडतं की नाही ते तुम्हीच ठरवा.

तिरकस | ११ नोव्हेंबर, रात्री ११:०१

हे माहीत नव्हतं. टोपी काढली.

लांबकान | ११ नोव्हेंबर, रात्री ११:०२

तिरकसरावांनी टोपी काढली. कुणीतरी तारीख लिहून ठेवा.

नवी पेठ | १२ नोव्हेंबर, पहाटे १:४५

या वेळेला जागा म्हणजे कोण ते कळलंच असेल. होय, एमपीएससी.

माझी केस गोदाकाठताईंपेक्षा वेगळी आहे. मला प्रेरणा रोज मिळते, तीच अडचण आहे. इथे अभ्यासिकेच्या भिंतीभिंतीवर पोस्टर. दर निकालानंतर सत्काराची भाषणं. ऐकून आलो की रात्रभर वेळापत्रक आखायचं, चार रंगांच्या पेनांनी. सकाळी नऊ वाजता अभ्यासिकेत जागा पकडायची, वही उघडायची आणि 'चल चहा घेऊन येऊ'. टपरीवर कुणीतरी भेटतो, कटऑफवर चर्चा, जागा किती निघणार यावर चर्चा, अकरा वाजतात. मग मेसची वेळ. पूर्व दोनदा निघाली, मुख्यला अडकतोय.

२०२५ पासून राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झाली. पर्यायांवर गोल करायची सवय झालेल्या हाताला तीन पानं लिहिताना कळा यायच्या. एका दादाने (आता नायब तहसीलदार आहे) एकच सांगितलं. बसल्या जागी, बॅग खाली ठेवायच्या आधी, एक प्रश्न आणि त्याचं उत्तर हाताने लिही. वाईट लिहिलंस तरी चालेल. ते झाल्याशिवाय चहा नाही. म्हणजे चहा ही आधीपासून पक्की असलेली सवय आणि तिच्या दारात ही नवी उभी केली. चहा काही मी चुकवत नाही, त्यामुळे उत्तरही चुकत नाही.

याने मी पास होईन का माहीत नाही. पण संध्याकाळी खोलीवर परतताना 'आजचा दिवस गेला' ही भावना कमी झालीय. फोन पोत्यात बांधून मेसच्या काकूंकडे ठेवतो तेही सांगून टाकतो. काकू जेवायच्या आधी देत नाहीत.

आकडेमोड | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

नवी पेठ, तुझ्या दादाला सलाम. 'अमुक झालं की तमुक करीन' असं नेमकं ठरवलं की काम पार पडण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या लेखात मांडलं आणि त्यावर पुढे बरंच काम झालं. 'रोज व्यायाम करीन' यापेक्षा 'दूध तापत ठेवलं की गॅसपाशीच दहा उठाबशा' हे टिकतं.

हिरवी मिरची | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:४१

आणि दूध उतू जातं.

काळी माती | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

परभणीकडचा शेतकरी आहे. तुमचं वाचून हसू पण आलं अन् पटलं पण.

आमच्याकडं प्रेरणा असो नसो, म्हैस सहाला हंबरती. तिला सुट्टी कळत नाही, मूड कळत नाही. यंदा सप्टेंबरातल्या पावसानं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. शेंगा झाडावरच कुजल्या. त्यानंतर पंधरा-वीस दिवस मी रानाकडं फिरकलो नाही. काय बघायचं जाऊन? पण धार काढायला उठावंच लागायचं. शेण, वैरण, पाणी. ते झालं की हात-पाय मोकळे झालेले असायचे, मग वाटायचं जरा बांधावर जाऊन येऊ. असं करत करत हरभऱ्याची तयारी सुरू झाली. म्हशीनंच ओढलं म्हणा.

मला वाटतं, सवय लावायची तर अशी लावा की जिच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी जिवंत असलं पाहिजे. आपण नाही गेलो तर त्याचं अडलं पाहिजे. स्वतःला दिलेला शब्द मोडायला काय लागतंय? म्हशीला दिलेला मोडता येत नाही.

शेजारीण | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:५०

काळी माती, नुकसानीचं वाचून वाईट वाटलं. हरभरा चांगला येऊ दे.

पण तुमच्या मुद्द्याला थोडा विरोध करते. आम्हा बायकांच्या प्रत्येक सवयीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हंबरत असतंच हो. त्यातूनच दमणूक झालेली असते. गोदाकाठताईंचं घर आता रिकामं आहे. वीस वर्षं दुसऱ्यांसाठी पळून झाल्यावर स्वतःसाठी कसं उठायचं हे विसरायला होतं. तिथे म्हैस आणून चालणार नाही.

काळी माती | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

हे बी खरं हाय. घरात विचारलं, मंडळी तुमच्याच बाजूनं बोलल्या.

उत्तरध्रुव | १३ नोव्हेंबर, रात्री १२:२०

स्टॉकहोमहून. इथे डिसेंबरात पावणेतीनला सूर्य मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, मला नोकरी आवडत नाही, नवरा आवडत नाही, स्वीडन आवडत नाही. मार्चमध्ये ऊन पडलं आणि तिन्ही आवडायला लागलं!

इथल्या डॉक्टरांनी प्रकाशपेटी सुचवली. दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिवा, सकाळी उठल्यावर अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं, थेट बघायचं नाही. डोळ्यांचा काही आजार किंवा बायपोलर असेल तर मात्र विचारल्याशिवाय करू नये. मी त्या अर्ध्या तासात आईला फोन लावते. तिकडे तिची भाजी निवडणं चालू असतं. मेथीची जुडी किती रुपयांना, कोण वारलं, कुणाचं जमलं. आता दिव्याने फरक पडतो की आईने, देव जाणे.

गोदाकाठताई, तुमच्याकडे फुकटचं ऊन आहे. सकाळी दहा मिनिटं गच्चीत जाऊन नुसत्या रिकाम्या कुंड्यांशेजारी उभं राहिलात तरी चालेल.

हिरवी मिरची | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

सवयीची नोंद कशी ठेवता सगळे? मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज बरोबरची खूण करते. सलग खुणा दिसल्या की छान वाटतं, पण एक चुकली की आठवडाच्या आठवडा सोडून देते. 'आता तुटलंच ना' असं होतं.

शेजारीण | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:४४

दुधाच्या हिशोबासारखं करा. आपण दूध आलेल्या दिवसांवर खुणा करतो का? खाड्यावर करतो. कॅलेंडरवर फक्त खाडे लिहायचे. महिन्याअखेर बघायचं, चार खाडे. म्हणजे बाकीचे दिवस झालं की! मी कोड्याचं तसंच करते.

आकडेमोड | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

शेजारीणबाई, हे मी कुठल्या ॲपमध्ये पाहिलं नाही. बहुतेक ॲपं सलग दिवस मोजतात आणि एक चुकला की शून्यावर आणून ठेवतात. तुमची पद्धत लंडनच्या निष्कर्षाशी जास्त जुळते.

तिरकस | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

सावधान. शेजारीणबाईंचं 'खाडा ॲप' येतंय. महिना ९९ रुपये.

गंमत सोडा. दोन दिवस विचार करतोय. मी आधी लिहिलं की मूळ शोधा. अजूनही तेच म्हणेन. कारण माझ्या ओळखीत एक जण आहे, पहाटे पळतो, ध्यान करतो, थंड पाण्याने आंघोळ करतो, रोजनिशी लिहितो आणि ज्या नोकरीत त्याचा रोज अपमान होतो तिथे नऊ वाजता हजर होतो. सगळ्या सवयींचा त्याने उपयोग काय केला, तर तो अपमान सहन करण्याची ताकद वाढवली. तेव्हा अण्णांची पिशवी, चहाचं उत्तर, सगळं मान्य. पण अंगात बळ आल्यावर त्या बळाचं काय करायचं हे सवय सांगत नाही.

स्टेथो | १३ नोव्हेंबर, दुपारी २:१०

तिरकस, हा मुद्दा बिनतोड आहे. पण क्रम महत्त्वाचा. ज्याला आंघोळीला उठवत नाही त्याला राजीनामा लिहायला सांगू नये.

वाचनमात्र | १५ नोव्हेंबर, रात्री ८:४०

धाग्याचा फायदा मला झाला. स्टेथोंचं वाचून रक्त तपासलं, टीएसएच बराच वाढलेला निघाला. गोळी सुरू झालीय. उपाशीपोटी घ्या म्हणालेत, पण चहाशिवाय माझे डोळे उघडत नाहीत. किती थांबायचं?

स्टेथो | १५ नोव्हेंबर, रात्री ९:०२

साध्या पाण्याबरोबर घ्या, नंतर अर्धा ते एक तास काही नको, चहाही नको. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील, साधारण दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासतात. बाकी नवी पेठच्या दादाला विचारा. चहाच्या दारात गोळी उभी करायची.

गोदाकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

सगळ्यांना एकत्र उत्तर देते, उशीर झाला.

रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, बी-१२ कमी आलंय, त्याची इंजेक्शनं चालू केलीत. त्याने किती फरक आणि बाकी कशाने किती, मला वेगळं काढता येणार नाही.

घरी आल्यावर पर्स आता खुंटीला लावत नाही, पेटीवर ठेवते. म्हणजे फोन काढायला पेटीपाशी जावंच लागतं. गेले की कापड काढते आणि भाता हलवते, अण्णांनी सांगितलं तेवढंच. झुरळं नव्हती. वरच्या सप्तकातला कोमल धैवत मात्र दाबला की आत अडकतो, वर येतच नाही. मग तो खालून बोटाने उचलायचा, की परत अडकतो. या नादात एका संध्याकाळी भूपच्या सुरावटी वाजवत बसले, त्यात धैवत शुद्धच लागतो म्हणून. बरेच दिवस नुसता भाताच हलवून उठते. खाडे शेजारीणच्या पद्धतीने लिहिते, पुष्कळ आहेत.

गच्चीत अजून गेले नाही. जाववत नाही. त्या कुंड्या बघितल्या की जीव दडपतो. उत्तरध्रुव, तुमचं ऊन मी स्वयंपाकघराच्या खिडकीत घेतेय सध्या.

आणि तिरकस, तुमचा प्रश्न डोक्यात आहे. बदलीचा अर्ज करावा का असं मनात येतंय, लेकीच्या गावाकडे. पण ते नंतर.

तिरकस | २३ नोव्हेंबर, रात्री १०:०४

नंतरच करा. आधी धैवत.

मांडवीकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

गच्चीत एकदम सगळ्या कुंड्या कशाला? एक कुंडी खाली खिडकीत आणा. थंडीत मेथी टाकली तर चार-पाच दिवसांत वर येते. उत्तरध्रुवच्या आईला भाव तरी विचारावा लागणार नाही.

नवी पेठ | २४ नोव्हेंबर, पहाटे १:१०

काकूंनी आज फोन द्यायला नकार दिला, आधी दोन उत्तरं दाखव म्हणाल्या. आता लॅपटॉपवरून लिहितोय.

लांबकान | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:५५

अण्णा, तुमच्या प्रतिसादानंतर आमच्याकडे एक गंभीर प्रसंग घडला. बायकोने तो वाचला. स्वयंपाकघरातला नळ दिवाळीपासून ठिबकतोय. माझ्याकडे पान्हा आहे, वायसर अर्धा इंची आणू की पाऊण?

अण्णा सांगलीकर | २४ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

घाई करू नका, आधी नळाचा फोटो टाका. गरगर फिरवून बंद होत असेल तर वायसर, घरगुती बहुतेक अर्धा इंची लागतो. जुना खिशात घालून दुकानात न्या म्हणजे माप चुकत नाही. पण पाव फेरीत बंद होणारा नवा नळ असेल तर त्यात वायसर नसतो, आतलं अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं आणि ते त्याच कंपनीचं लागतं. आणि मेन कॉक बंद केल्याशिवाय हात लावू नका. मंडळींना बाजूला उभं करा, बादली घेऊन.